अंडे, पिंजरा आणि खाद्यकंपन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या प्रमाणावर अंडी घेणाऱ्या कंपन्यांशी बोलून कोंबड्यांना पिंजऱ्यातून बाहेर काढण्याचे काम आम्ही करतो. कंपन्यांचे खरेदी अधिकारी, पोल्ट्रीवाले, शिक्षक, गृहिणी, कधी कॉलेजची मुले असे सगळेच आम्हाला प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची आमची उत्तरे इथे दिली आहेत.

तुम्ही नेमके काय करता?

हॉटेलांच्या साखळ्या, केक-बिस्किटांचे कारखाने, मेयोनेज बनवणारे, मोठ्या ऑफिसांची कॅन्टीन चालवणारे ठेकेदार हे सगळे रोज हजारो अंडी घेतात. त्यांच्यापुढे आम्ही तीन गोष्टी मांडतो. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची अंडी घेणे ठरावीक मुदतीत थांबवा. तसे जाहीर लिहून द्या. आणि दरवर्षी किती टक्के काम झाले ते लोकांना सांगा. पहिल्या दोन गोष्टी दोन-चार बैठकांत मिळून जातात. तिसरीसाठी वर्षे लागतात, आणि आमचा बहुतेक वेळ तिच्यातच जातो.

ग्राहकांना न सांगता कंपन्यांच्या मागे का लागता?

ग्राहकांनाही सांगतो. पण बाजारात ट्रे उचलणाऱ्या माणसाला ते अंडे कुठल्या शेडमधून आले हे कळायची सोय नसते, आणि केकमधल्या अंड्याबद्दल तर विचारायचीही सोय नसते. कंपनीच्या खरेदी विभागातला एक माणूस मात्र पुरवठादाराला फोन करून अट घालू शकतो. त्या एका अटीचा परिणाम लाखो अंड्यांवर होतो.

याचे आमच्या आवडीचे उदाहरण कोंबड्यांचे नाही, गुरांचे आहे. अमेरिकेत १९९६ साली कत्तलखान्यांची पाहणी झाली. कापण्याआधी पहिल्याच झटक्यात ९५ टक्के गुरे बेशुद्ध करता येतील असे कत्तलखाने फक्त ३० टक्के निघाले. उरलेल्या ठिकाणी कितीतरी जनावरांवर दुसरा, तिसरा झटका देण्याची वेळ येत होती. १९९९ साली मॅकडोनाल्ड्सने टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंच्या मोजपट्टीने आपल्या पुरवठादारांची तपासणी सुरू केली. नापास झालात तर माल घेणार नाही, एवढीच अट होती. त्याच वर्षी तपासलेल्या बीफ कत्तलखान्यांपैकी सुमारे ९० टक्के त्या कसोटीत बसले. बहुतेक ठिकाणी मोठी यंत्रे बदलावीच लागली नाहीत. बेशुद्ध करण्याच्या हत्याराची नीट देखभाल, घसरणार नाही अशी जमीन, कामगारांचे प्रशिक्षण एवढ्यावर काम झाले. कायदा आधीपासून होता. कमी होती ती माल घेणाऱ्याने येऊन मोजण्याची.

पिंजऱ्यात एवढे वाईट काय आहे? तिथे दाणा-पाणी तर वेळेवर मिळते.

दाणा-पाणी मिळते, आणि ते महत्त्वाचे आहे हे आम्ही नाकारत नाही. मांजर, मुंगूस, ऊन-पाऊस यांपासून संरक्षणही मिळते. प्रश्न त्यापुढचा आहे.

बॅटरी केज म्हणजे तारेचा पिंजरा. खाली उताराची जाळी, म्हणजे अंडे घरंगळत पुढे येते आणि विष्ठा खाली पडते. एका पिंजऱ्यात चार-पाच किंवा जास्तही कोंबड्या असतात. एकीच्या वाट्याला येणारी जागा ए-४ कागदापेक्षा कमी असते, आणि तो कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. इंग्लंडमध्ये १९८९ साली झालेल्या मोजमापांत कोंबडीला नुसते वळायला सरासरी सुमारे १,२७० चौरस सेंटिमीटर आणि पंख फडफडवायला १,८०० हून जास्त जागा लागते असे दिसले. म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी शेजारणीला ढकलल्याशिवाय वळू शकत नाही, आणि पंख तर दीड वर्षात एकदाही पूर्ण उघडू शकत नाही.

ज्यांच्या घरी परसात कोंबड्या होत्या त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. अंडे घालायच्या आधी कोंबडी काय करते ते आठवा. कोपरा शोधते, टोपलीत जाऊन बसून बघते, उठते, पुन्हा बसते, काडीकचरा पायाने सारखा करते. ही तिची सवय नाही, तिच्या अंगात असलेली ओढ आहे. अंडे घालायच्या जागेपर्यंत पोचण्यासाठी कोंबडी जड दार ढकलते, अरुंद फटीतून अंग चोरून जाते, हे प्रयोगांत दिसले आहे. पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही रोज तीच ओढ लागते. मग ती येरझारा घालू पाहते, शेजारणींच्या खाली डोके खुपसते, आणि शेवटी उभ्या जाळीवर सगळ्यांच्या पायांत अंडे घालते. हे तिच्या आयुष्यात तीनशेहून जास्त वेळा घडते.

धुळीत लोळणे हेही तसेच. पिसे स्वच्छ ठेवण्याची तिची ती पद्धत आहे. धूळ नसली तरी कोंबडी जाळीवर बसून लोळण्याच्या सगळ्या हालचाली करते. ज्याने हे एकदा पाहिले त्याला पुढे फार सांगावे लागत नाही.

हाडांचेही सांगायला हवे. टरफलासाठी कॅल्शियम शरीरातून जाते आणि हालचाल नसल्याने हाडे आणखी ठिसूळ होतात. म्हातारा कळप पिंजऱ्यातून काढताना पाय आणि पंख मोडतात. पोल्ट्रीत काम केलेल्या माणसाने तो आवाज ऐकलेला असतो.

पिंजऱ्याबाहेर कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात, हे खरे ना?

घडते, आणि हा प्रश्न विचारणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. मोकळ्या शेडमध्ये शेकडो कोंबड्या एकत्र असल्या की पिसे उपटणे सुरू होऊ शकते, आणि एकदा रक्त दिसले की ते पसरते. छातीचे हाड मोडण्याचे प्रमाणही मोकळ्या पद्धतीत बरेच असते, कारण कोंबड्या उंच दांड्यांवरून उड्या मारतात आणि आपटतात. जमिनीवरची तुसाची गादी ओली राहिली तर अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवण लागते. कोकणात पावसाळ्यात गादी कोरडी ठेवणे ही रोजची मेहनत आहे: तूस खालीवर करायचे, चुना मिसळायचा, पाण्याच्या निपलखालची ओल पाहायची.

पण यावर उपाय आहेत, आणि पिंजऱ्याच्या आक्रसलेल्या जागेवर नाही. फरक तिथे आहे. टोचाटोची पुष्कळदा खाद्यातल्या कमतरतेने, जास्त प्रकाशाने, गर्दीने किंवा करायला काहीच नसल्याने सुरू होते. शेडमध्ये लसूणघासाची पेंडी टांगली, गादी मोकळी ठेवली, प्रकाश सौम्य केला, तर ती कमी होते. हाड मोडण्यावर उतरत्या रॅम्पचा आणि कमी उंचीच्या दांड्यांचा उपयोग होतो.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांतील ६,०४० कळपांची, म्हणजे १७ कोटी ६० लाख कोंबड्यांची मरतूक तपासली गेली. मोकळ्या शेडमधली मरतूक सुरुवातीच्या वर्षांत जास्त होती. शेतकऱ्यांचा अनुभव वाढला तशी ती दरवर्षी घटत गेली, आणि अलीकडच्या वर्षांत पिंजरा आणि मोकळी शेड यांच्यात फरक राहिला नाही. म्हणून कंपनीला आम्ही सांगतो की पहिल्या दोन कळपांत अडचणी येतील, त्या धरूनच भाव ठरवा. पहिल्याच कळपात मरतूक वाढली म्हणून पुरवठादार सोडला, तर तो शेतकरी पुन्हा पिंजऱ्याकडे जाईल आणि गावातल्या चार जणांनाही तेच सांगेल.

केज-फ्री, फ्री-रेंज आणि गावरान एकच का?

नाही. केज-फ्री म्हणजे शेडच्या आत, पण पिंजऱ्याविना. खाली तुसाची गादी, अंडी घालायला पेट्या, बसायला दांड्या. युरोपीय संघाच्या नियमात मोकळ्या शेडसाठी एका चौरस मीटरमागे जास्तीत जास्त ९ कोंबड्या, प्रत्येकीला १५ सेंटिमीटर दांडी आणि ७ कोंबड्यांमागे एक पेटी असे माप आहे. ९ कोंबड्यांचा हिशेब केला तर एकीला सुमारे १,१०० चौरस सेंटिमीटर जागा पडते. याला स्वर्ग कोणी म्हणणार नाही, पण कोंबडी चालते, खरडते, लोळते, रात्री वर जाऊन बसते.

फ्री-रेंज म्हणजे दिवसा शेडबाहेर जाता येणे. गावरान हा आपल्याकडचा शब्द मुळात जातीचा आहे, पाळण्याच्या पद्धतीचा नाही. देशी कोंबडी परसात फिरते म्हणून आपण दोन्ही गोष्टी एकच धरतो.

तपकिरी टरफल म्हणजे गावरान हा समज पक्का बसलेला आहे. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित जाती पिंजऱ्यातही पाळल्या जातात. त्यामुळे रंग पाहून जास्त पैसे देऊ नका. युरोपात अंड्यावर आकडा छापणे सक्तीचे आहे: ० सेंद्रिय, १ फ्री-रेंज, २ मोकळी शेड, ३ पिंजरा. आपल्याकडे असा सक्तीचा शिक्का नाही. म्हणून पाकिटावरचा शब्द न वाचता त्या पाकिटामागे कुणाचे प्रमाणपत्र आहे आणि शेडची तपासणी कोण करतो हे विचारावे लागते. कंपनीशी करार करतानाही आम्ही 'केज-फ्री' एवढाच शब्द लिहू देत नाही. जागा, पेट्या, दांड्या, गादी ही मापे करारातच घालून घेतो.

आपला कायदा काय म्हणतो?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम ११ नुसार, ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे गुन्हा आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१२ मध्ये राज्यांना कळवले होते की बॅटरी केजमुळे या कलमाचा भंग होतो आणि २०१७ पर्यंत त्या बंद व्हाव्यात. त्या आधी, २०११ मध्ये, कोंबड्या उपाशी ठेवून पिसे गाळायला लावण्याच्या पद्धतीविरुद्ध मंडळाने आदेश काढला होता. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाताळला आणि नियमांचे मसुदेही दिले. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे केंद्राचे नियम २०२३ मध्ये आले. त्यांनी पिंजरा ठेवला, आणि एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. ए-४ कागदापेक्षा अजूनही कमी.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना ओळखीची वाटेल. जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती यांवरच्या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख करून ती आपल्या कायद्याशी जोडली होती: भूक-तहान, त्रासदायक निवारा, वेदना व आजार, आणि भीती यांपासून मुक्ती, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. शर्यतींबाबत पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये ते न्यायालयाने मान्यही केले. शर्यतींचा वाद बाजूला ठेवला, तरी पाचवे स्वातंत्र्य पिंजऱ्यातल्या कोंबडीला कुठल्याच मापात मिळत नाही.

युरोपीय संघाने १९९९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१२ पासून साधे बॅटरी केज बंद झाले. शेतकऱ्यांना मध्ये बारा वर्षे मिळाली. आपल्याकडे तेवढी वाट पाहणे आम्हाला जड जाते, म्हणून कंपन्यांकडे जातो.

कंपनीने वचन दिले. पुढे काय होते?

खरे काम इथून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले पाऊल मोजणीचे. कंपनी वर्षाला किती अंडी घेते हे कंपनीलाच नीट माहीत नसते. टरफलासकट अंडी एका विभागाकडे, द्रव अंडी आणि अंड्याची पावडर दुसऱ्याकडे, आणि तयार केक तिसऱ्या पुरवठादाराकडून. मेयोनेजमधले अंडे तर कुणाच्याच हिशेबात नसते. एका कंपनीत आम्ही बसलो तेव्हा निम्म्याहून अधिक अंडी 'इतर साहित्य' या खात्यातून निघाली. त्या दिवसापासून पहिल्या बैठकीला स्वयंपाकघराचा मुख्य आचारी आणि हिशेबनीस हे दोघे हवेतच, असा आमचा आग्रह असतो.

दुसरे पाऊल वेळापत्रक. अंडी देणारी कोंबडी साधारण १६ ते १८ आठवडे वाढवली जाते आणि मग ७२ ते ८० आठवड्यांची होईपर्यंत अंड्यावर असते. म्हणजे आज शेतकऱ्याकडे जो कळप आहे तो पुढच्या वर्षीही असणार आहे. शेड बदलायची ती दोन कळपांच्या मध्ये, रिकामी असताना. आणि पिंजऱ्यात वाढलेली तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) अचानक मोकळ्या शेडमध्ये सोडली तर तिला दांडीवर चढता येत नाही, पेटी कळत नाही, ती जमिनीवर अंडी घालते. म्हणून पिल्लेही मोकळ्या शेडमध्ये वाढवावी लागतात, आणि ती मागणी हॅचरीकडे आधी नोंदवावी लागते. शेतकऱ्याला अठरा महिने आधी कळले नाही, तर मुदत पाळणे शक्यच नसते. मार्चमध्ये वचन आणि डिसेंबरमध्ये शंभर टक्के, असे कोणी सांगितले तर ते आम्ही लिहून घेत नाही.

तिसरे पाऊल भाव, आणि जास्तीत जास्त वचने इथे मोडतात. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी १९८२ पासून रोजचा भाव जाहीर करते आणि खरेदी विभाग त्याच आकड्याकडे पाहून व्यवहार करतो. मोकळ्या शेडच्या शेतकऱ्याला तो भाव परवडत नाही. त्याला जास्त जागा लागते, अंडी वेचायला जास्त माणसे लागतात, कोंबडी फिरते म्हणून दाणाही थोडा जास्त खाते. खर्चाचा ६५ ते ७० टक्के भाग खाद्याचा असतो. म्हणून मका आणि सोयापेंडीच्या दराला जोडलेला भाव, किमान दोन कळपांचा लेखी करार, आणि ठरलेल्या अंड्यांची खरेदी झालीच पाहिजे अशी अट आम्ही मागतो. कंपनीचे लोक तोंडी 'घेऊ' म्हणतात. शेतकऱ्याला बँकेत तोंडी शब्द दाखवता येत नाही.

शेवटी तपासणी. तपासणारा कंपनीचा नको आणि पुरवठादाराचाही नको. कळप, शेड, दिवसाची अंडी आणि कंपनीला गेलेली अंडी यांचे आकडे जुळले पाहिजेत. दोन हजार कोंबड्यांच्या शेडमधून रोज तीन हजार केज-फ्री अंडी बाहेर पडत असतील तर बाकीची कुठून आली, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

पिंजऱ्यातली अंडी थांबवण्यासाठी पुष्कळ कंपन्यांनी घेतलेली २०२५ ची मुदत गेली. त्यांनी शब्द पाळला का?

काहींनी पाळला, पुष्कळांनी नाही. मॅकडोनाल्ड्सने सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडासाठी दहा वर्षांची मुदत घेतली होती. अमेरिकेत ती कंपनी वर्षाला सुमारे दोनशे कोटी अंडी वापरते. तिथले काम मुदतीच्या आधीच झाल्याचे तिने २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केले. अशा वचनांचा आणि कॅलिफोर्नियातल्या २०१८ च्या पिंजराविरोधी सार्वमतासारख्या कायद्यांचा एकत्र परिणाम असा, की २०२४ पर्यंत अमेरिकेतल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे ४० टक्के पिंजऱ्याबाहेर होत्या.

आशियात चित्र निराळे आहे. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी इथल्या शाखांसाठीही शब्द दिला होता आणि इथे मात्र 'पुरवठा नाही' हे उत्तर मिळते. पुरवठा नाही हे खरेच आहे. पण दहा वर्षांपूर्वी कुणी करार केला असता तर तो झाला असता. मुदत वाढवून मागणाऱ्या कंपनीला आम्ही एकच विचारतो: गेल्या वर्षी किती शेतकऱ्यांशी लेखी करार केला? आकडा असेल तर पुढे बोलतो आणि नवी तारीख मान्यही करतो. आकडा शून्य असेल तर ते लोकांसमोर मांडतो.

कंपन्यांविरुद्ध आंदोलने का करता? बोलून प्रश्न सुटत नाहीत का?

आधी बोलतोच. पत्र, मग भेट, मग पुन्हा पत्र. ही पद्धत न्यूयॉर्कचे प्राणीहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांच्याकडून बऱ्याच जणांनी उचलली. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीत सशांच्या डोळ्यांत रसायने घातली जात. स्पायरा आधी रेव्हलॉन कंपनीशी बोलले. उपयोग झाला नाही तेव्हा १९८० मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. वर्ष संपायच्या आत कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर दिले, आणि स्पायरांनी त्याच कंपनीचे जाहीर आभार मानले. आम्हाला यातला दुसरा भाग जास्त शिकण्यासारखा वाटतो. ज्या अधिकाऱ्याने आतून धडपड करून निर्णय करवून घेतला, त्याला उद्या तोंड दाखवता आले पाहिजे.

कंपन्यांकडून तुम्ही पैसे घेता का?

नाही. सल्ल्याचेही नाही, प्रवासाचेही नाही.

अंडे महाग झाले तर गरिबाने काय खायचे?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जड वाटतो आणि झटकून टाकायचा नाही. आपल्याकडे अंडे हे स्वस्तातले चांगले प्रथिन आहे. सरकारी आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये देशात १४,२७७ कोटी अंडी झाली. माणशी वर्षाला ती १०३ पडतात. आठवड्याला दोन. कुपोषित मुलाच्या ताटात तेवढीही पोचत नाहीत.

म्हणून सुरुवात आम्ही अंगणवाडीपासून किंवा कोपऱ्यावरच्या बुर्जीच्या गाडीपासून करत नाही. सुरुवात करतो ती पंचतारांकित हॉटेल, केक आणि मेयोनेज यांच्यापासून. समजा, केज-फ्री अंड्याला दोन रुपये जास्त पडले आणि अर्ध्या किलोच्या केकमध्ये चार अंडी गेली. तर चारशे-पाचशे रुपयांच्या केकमागे आठ रुपये वाढले. हा भार त्या गिऱ्हाइकाला झेपतो. अशा खरेदीतून शेतकऱ्यांचा हात बसला आणि शेडांची संख्या वाढली, की फरकही कमी होत जातो. सरकारी आहार योजनेतल्या अंड्यांवर केज-फ्रीची अट घाला, असे आम्ही आज म्हणत नाही.

महाराष्ट्रातल्या छोट्या शेतकऱ्याला यात जागा आहे का?

आहे, पण घाई करू नका. राज्यात दररोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि इथे त्याच्या निम्म्याच्या आसपास होतात, असे २०२३ च्या सुरुवातीला पशुसंवर्धन विभागाने सांगितले होते. बाकीची आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, कर्नाटकातून येतात. तिथल्या लाखभर पिंजऱ्यांच्या शेडशी पाच हजार कोंबड्यांचा शेतकरी भावात टक्कर देऊ शकत नाही. वेगळ्या मालाला वेगळे गिऱ्हाईक असेल तर मात्र लहान असणे आड येत नाही.

आमचा सल्ला कोरडा आहे. लेखी खरेदीदार मिळेपर्यंत कर्ज काढू नका. पाचशे पक्ष्यांपासून सुरुवात करा. बंद पडलेली ब्रॉयलरची शेड असेल तर ती वापरा, कारण गादी पद्धत तुम्हाला माहीत आहे, फक्त पेट्या आणि दांड्या वाढवायच्या. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याचा विचार शेड बांधायच्या आधी करा: पूर्व-पश्चिम लांबी, छतावर पाचट, बाजूला ओली पोती, वर फॉगर. मोकळी कोंबडी सावलीत सरकू शकते, पिंजऱ्यातली नाही, हा एक फायदा मेमध्ये लक्षात येतो.

बर्ड फ्लूचे काय? मोकळ्या कोंबड्यांना धोका जास्त ना?

बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांचा रानपक्ष्यांशी संपर्क येतो, त्यामुळे तिथे धोका आहे. बंदिस्त मोकळ्या शेडमध्ये जाळी आणि दारावरची शिस्त पाळली तर तसा संपर्क येत नाही. पिंजरा मात्र काही कवच नाही. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, तो व्यापारी पोल्ट्रींमध्येच. २०२१ मध्ये पुन्हा तिथेच. लाखो पक्षी मारावे लागले आणि अनेक कुटुंबे उभी राहायला वर्षे गेली. एका ठिकाणी किती पक्षी आणि शेजारची शेड किती अंतरावर, हे आधी बघायला हवे.

मांसाच्या कोंबड्या आणि नर पिल्लांबद्दल तुम्ही काही करता का?

आपल्याकडे ब्रॉयलर पिंजऱ्यात सहसा नसतो, त्यामुळे तिथला त्रास वेगळा आहे. सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाणारे शरीर, त्याचे वजन न पेलणारे पाय, गर्दी, आणि बाजारापर्यंत पाय बांधून उलटे नेणे. कमी वेगाने वाढणाऱ्या जाती आणि कमी गर्दी यांसाठी कंपन्यांकडून अमेरिकेत बहुधा २०२४ ची आणि युरोपात २०२६ ची मुदत घेतली गेली होती. जातीच्या अटीवरून तिथे बऱ्याच जणांनी माघार घेतली. आम्ही इथे आधी वाहतुकीवर आणि औषधांवर बोलतो. माणसाच्या शेवटच्या उपचारासाठी राखून ठेवायचे कोलिस्टिन हे प्रतिजैविक पोल्ट्रीत वापरले जात होते. केंद्र सरकारने त्यावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या, जातीची नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारली जातात. हे केज-फ्री अंड्यामागेही घडते आणि आम्ही ते लपवत नाही. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी आणली. तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याचे तंत्र वापरतात. आपल्याकडे ते यायला वेळ आहे.

मग सरळ अंडी खाऊच नका असे का सांगत नाही?

आमच्यातले काही जण अंडी खात नाहीत, काही खातात. ज्यांना सोडता येतात त्यांनी सोडावीत, त्यात आम्हाला आनंदच आहे. पण आज पिंजऱ्यात असलेली कोंबडी आणखी वर्षभर तिथेच असणार आहे, आणि तिच्या जागी येणारी कुठे जाईल हे पुढच्या सहा महिन्यांतल्या एखाद्या करारावर ठरणार आहे. तो करार करायला जो बसेल त्याच्याबरोबर आम्ही बसतो, मग त्याच्या ताटात काय आहे ते बघत नाही.

मी एकटा काय करू शकतो?

तुमच्या ऑफिसचे कॅन्टीन किंवा मुलाच्या वसतिगृहाची मेस कुठली अंडी घेते ते विचारा. उत्तर बहुधा 'माहीत नाही' असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, शक्य असेल तर लेखी. ज्या कंपनीचा केक तुम्ही घेता तिने काही वचन दिले आहे का ते बघा, आणि दिले असेल तर यंदाचा टक्का विचारा. खरेदी अधिकारी आम्हाला सांगतात की अशी पाच-सहा पत्रे आली की विषय वरच्या बैठकीत जातो.

शेड पाहायला येता येईल का?

येता येईल, पण आधी कळवून. गेल्या तीन दिवसांत दुसऱ्या पोल्ट्रीत किंवा चिकनच्या दुकानात गेला असाल तर येऊ नका. धुतलेले कपडे घाला. दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत यायचे. सकाळी अंडी घालायची वेळ असते, तेव्हा पेट्यांजवळ गर्दी नको. संध्याकाळी पाचच्या सुमाराला या. उजेड उतरू लागला की कोंबड्या एकेक करून दांडीवर चढतात, जागेवरून थोडी कुरबुर होते, मग शेड शांत होते. ते बघायला थांबा.